तेवीस खडे आणि एक रिकामी बरणी

ताईच्या सोनिवलीच्या घरात शिरलं की समोरच काचेचं शोकेस दिसतं. त्यात भावोजींनी गावच्या क्रिकेटमध्ये मिळवलेल्या तीन ट्रॉफ्या आहेत, लग्नाचा फोटो आहे, आणि ट्रॉफ्यांच्या मधोमध औषधाच्या गोळ्यांची असते तशी एक पारदर्शक डबी असायची, मागच्या रविवारपर्यंत. डबीत खडे. ताईच्या पित्ताच्या पिशवीतून निघालेले, मोजून तेवीस. पाहुणा आला की चहाच्या आधी डबी यायची. पाहुणा ती कानाजवळ नेऊन खुळखुळवायचा, कुणी म्हणायचा हरभऱ्याएवढे, कुणी म्हणायचा वाटाण्याएवढे, आणि मग ताईची सासू कौतुकाने आकडा सांगायची. गावात दुसऱ्या एका बाईचे अकराच निघाले होते. त्यामुळे आमची ताई पुढे.

मला त्या डबीकडे बघवत नाही. ती का बघवत नाही हे सांगायचं तर आधी मी कोण ते सांगावं लागेल.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, सव्वीस वर्षं. राहतो अंबरनाथ पूर्वेला. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि आई लवकर गेल्यामुळे मला तिनेच वाढवलं. माझं काम सोपं आहे. आलेल्या प्रत्येक ड्रममधून नमुना काढायचा, बाटलीला लेबल लावायचं, तपासायचं, आणि मगच ड्रम आत किंवा बाहेर सोडायचा. मालक स्वतः गेटवर उभा राहिला तरी माझ्या सहीशिवाय ड्रम हलत नाही. एकदा एका तरुण केमिस्टने शिफ्ट संपत आली म्हणून ओलाव्याचा आकडा न तपासताच रजिस्टरमध्ये लिहिला. मी त्याचा हात धरून त्याला मॅनेजरपुढे उभा केला. त्याचं नवीन लग्न झालेलं होतं, त्याने हात जोडले. मी म्हणालो, "तुझ्या एका खोट्या आकड्यावर कुणाचा तरी जीव जाईल." त्याची नोकरी गेली. हा किस्सा मी नंतर कितीतरी वर्षं लग्नाकार्यात छाती फुगवून सांगत होतो.

ताईचं दुखणं जुनं होतं. उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती पाठीत उजव्या खांद्यापर्यंत जायची, आणि दोन-तीन तास तिला बसू देत नसे की झोपू देत नसे. घरात सगळ्यांचं एकच निदान, पित्त. आमच्याकडे पित्त कुणाला होत नाही? कोकमाचं सरबत, मोरावळा, टपरीवरचा सोडा, आणि वर उपदेश, की बाई, वेळेवर जेवत जा. खरं तर ती जेवली की दुखायचं. लग्नातल्या हळदीचं मटण, पावसाळ्यात तळलेलं काही, बारशाचं जेवण, आणि त्या रात्री कळ. हे सोपं गणित कुणी मांडलं नाही. रोज नमुने तपासणाऱ्या मीही नाही.

मग गावातल्याच एका हळदीत ती मांडवात कोसळली. अंगात ताप, उलट्या, पोटाला हात लावू देईना. बदलापुरात सोनोग्राफी झाली. पिशवीत खडेच खडे, पिशवीची भिंत सुजून जाड झालेली. मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी कुळथाचं पाणी सांगितलं, कुणी पानफुटीची पानं. मूत्रपिंडाच्या खड्याची औषधं पित्ताशयाच्या खड्याला लागू पडत नाहीत हे मी ओरडून सांगितलं, आणि त्या वेळी माझं ऐकलंही गेलं. मी लॅबमधला माणूस ना. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एक नर्सिंग होम आहे, तिथला सर्जन चांगला असं चार जणांनी सांगितलं. तो चांगलाच होता, त्याच्याबद्दल मला तक्रार नाही. त्याने ताईला समोर बसवून नीट सांगितलं, "ताई, सूज आहे म्हणून पाच दिवस औषधं, मग दुर्बिणीने पिशवी काढू. चार छोटी भोकं. काढलेली पिशवी तपासायला पाठवायची, तो रिपोर्ट आला की आपण मोकळे." ताईने मान हलवली. शाळा सातवीत सुटली असली तरी सांगितलेली गोष्ट ती विसरत नाही.

ऑपरेशन सकाळी झालं. दीड तासाने हिरवा गाऊन घातलेली सिस्टर बाहेर जिन्यात आली. तिच्या हातात स्टीलचा ट्रे, ट्रेमध्ये उभी चिरलेली पिशवी आणि बाजूला खडे. भावोजींनी लगेच मोबाईल काढून व्हिडिओ घेतला. आमच्याकडे ही रीत झाली आहे, खडे निघाल्याचा पुरावा नातेवाइकांना दाखवायचा आणि नातेवाइकांनी तो ग्रुपवर टाकायचा. थोड्या वेळाने सिस्टरने मला डबी दिली आणि दुसऱ्या हातात झाकण घट्ट लावलेली एक बरणी.

"भैया, ये स्टोन आपके. और ये बायोप्सी के लिए. सामने रोड क्रॉस करो, फर्निचरवाले के ऊपर लैब है. आज ही देना. इधर साइन करो."

मी रजिस्टरमध्ये सही केली. बरणीवर लेबल होतं. ताईचं नाव, वय, स्त्री, पित्ताशय, तारीख, वेळ. लेबल उत्तम होतं, अक्षर स्वच्छ. झाकणाशी नाक नेलं तर नमुना टिकवणाऱ्या फॉर्मालिनचा वास डोळ्यांत झोंबला. वास माझ्या ओळखीचा होता. नमुना कसा बांधतात, कसा न्यायचा, कशासाठी न्यायचा, हे त्या जिन्यात उभ्या असलेल्या माणसांपैकी फक्त मला माहीत होतं.

तेवढ्यात सोनिवलीहून ताईच्या सासूचा फोन आला. भावोजींनी तो स्पीकरवर टाकला. ग्रुपवरचा व्हिडिओ तिने पाहिला होता.

"खरे घरा आना," खड्यांबद्दल ती म्हणाली. "पन ती पिसवी कुनाचे हातान देव नको. पोरीचे आंगाचा तुकरा हाय तो. जित्ते मानसाचा आंग असा लोकांचे दारान टाकतात काय? नदीन सोरा."

ती वेडं बोलत नव्हती. त्यांच्या घरात आजेसासऱ्यांचा पाय कापला तेव्हा तो पाय नीट मातीत दिला होता, नारळ ठेवून. शरीरातून निघालेलं शरीराच्या मानाने परत द्यायचं, एवढाच तिचा हिशोब. भावोजींनी माझ्याकडे बघितलं. "तू सांग भाऊ. तू लॅबवाला हाय."

इथे मी गप्प बसलो असतो तरी भावोजी बरणी घेऊन रस्ता ओलांडून गेले असते, असं मला आजही वाटतं. ते आईला घाबरतात, पण डॉक्टरला जास्त घाबरतात. मी गप्प बसलो नाही. मला कुठेही गप्प बसता येत नाही हाच माझा रोग. गॅरेजवाला लुटतो, शाळा लुटते, डॉक्टर तर लुटतोच, हे मला सगळ्यांच्या आधी कळतं आणि ते बोलून दाखवल्याशिवाय माझं जेवण पचत नाही.

मी म्हणालो, "खडे निघाले ना? मग आता काय तपासणार, पिशवीची जात? कट असतो यांचा. डॉक्टर आणि समोरचा लॅबवाला, दोघांचं ठरलेलं असतं."

फोनवरून सासूचा आवाज आला, "बग. लॅबमदला मानूस सांगतं."

त्या दुपारी आम्ही भावोजींच्या बाइकवरून बदलापूरला नदीवर गेलो. मागे बसून मी बरणी मांडीत धरली होती, सांडू नये म्हणून. सासूबाई रिक्षाने ताट घेऊन आल्या होत्या. हळद, कुंकू, तांदूळ, नारळ. भावोजी झाकण उघडून सगळं पाण्यात ओतणार होते, तर मी त्यांचा हात धरला. फॉर्मालिन नदीत टाकायचं नसतं, मासे मरतात, नियम आहे. मी काठीने पिशवी तेवढी बाहेर काढून पळसाच्या पानावर ठेवली, आणि फॉर्मालिनची बरणी झाकण लावून प्लास्टिकच्या थैलीत घालून ठेवली, दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या सांडपाण्याच्या प्लांटमध्ये रीतसर टाकण्यासाठी. माझ्या बहिणीचा नमुना वाहून गेला, आणि मी नदीच्या प्रदूषणाची काळजी घेतली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते उगाच नाही.

चौथ्या दिवशी ताई घरी आली. आल्या आल्या, अजून नीट बसलीही नव्हती, तिने मला विचारलं.

"अरे, ती पिशवी लॅबला दिलीस ना?"

सासूबाई शोकेस पुसत होत्या. भावोजींनी पंखा वाढवला. मला खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. ताई चिडली असती, एवढंच. पण तिच्या पोटावर चार पट्ट्या होत्या, आणि घरात सगळे खुशीत होते, आणि मला वाटलं कशाला.

"दिली," मी म्हणालो. "नॉर्मल आहे सगळं."

"बरं झालं," ती म्हणाली. "तू बघितलंस म्हणजे बघायला नको."

टाके काढायला गेलो तेव्हा सर्जनने रिपोर्ट मागितला. बाहेर पंचवीस माणसं बसली होती. मी म्हणालो, नॉर्मल आहे, घरी राहिला. त्याने मान हलवली आणि ताईच्या कागदावर काहीतरी खरडलं. मी काय लिहिलं ते वाचलंही नाही. दुसऱ्याच्या रजिस्टरमधलं एक एक अक्षर तपासणारा मी.

पुढचे आठ महिने बरे गेले. मग ताई जेवेना. साडीचा काठ खाली लोळायला लागला. हातापायांना खाज सुटली, ती दारामागे उभी राहून तळवे चौकटीवर घासायची. मी म्हणालो, एकदा सर्जनला दाखवू. तर तीच म्हणाली, "पोटाचं काय नाय रे. पिशवी गेली, रिपोर्ट चांगला आला. अंगात उष्णता झाली असेल." पुढे बोलायला मला तोंड होतं कुठे?

डोळे पिवळे झाले तेव्हा सासूबाईंनी तिला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. तो डोक्यावर काड्यांची माळ ठेवतो, माळ लांबत गेली की कावीळ उतरली म्हणायचं. ताईची माळ लांबत गेली आणि डोळे आणखी पिवळे होत गेले. असे तीन आठवडे गेले. मग मी भावोजींशी भांडून तिला उचलून नेलं. स्कॅन झाला, आणि ज्याने स्कॅन केला त्याने रिपोर्ट ताईच्या हातात न देता माझ्या हातात दिला. तेव्हाच मला कळलं.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये आमचा नंबर लागला. डॉक्टरीण बाई साठीच्या, चष्मा कपाळावर. तिने फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मी जशी घेतो तशी, बोट ठेवून. ताई समोरच्या खुर्चीत, मी आणि भावोजी मागे उभे.

"पित्ताशय काढलं तेव्हाचा बायोप्सी रिपोर्ट कुठे आहे?"

ताईच बोलली. पिवळ्या चेहऱ्यावर अभिमान होता. "तो नॉर्मल होता मॅडम. माझ्या भावाने स्वतः बघितला. तो लॅबमध्येच कामाला आहे."

डॉक्टरीण बाईंनी कागद उलटला आणि सर्जनचं अक्षर मोठ्याने वाचलं. "बायोप्सी नॉर्मल, नातेवाइकाच्या सांगण्यावरून. कोण नातेवाईक?"

मी म्हणालो, "मी."

"रिपोर्ट आहे?"

"नाही."

"हरवला?"

"नमुना दिलाच नव्हता."

तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. अगदी सरळ आवाजात तिने सांगितलं, की अशा पिशवीत क्वचित कधी आतल्या भिंतीत कॅन्सर लपलेला असतो, वरून कळत नाही. तेव्हा सापडला असता तर दुसरं एक ऑपरेशन करता आलं असतं, लिव्हरचा लगतचा भाग आणि गाठी काढण्याचं, आणि बरं होण्याची चांगली आशा होती. आता तो लिव्हरमध्ये पसरून पित्ताची नळी दाबतो आहे. नळीत स्टेंट घालून कावीळ उतरवता येईल, खाज जाईल. तेवढंच.

"पण मॅडम," भावोजी म्हणाले, "त्यात काही निघतंच असं नसतं ना?"

"बहुतेक वेळा काहीच निघत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर पाठवायची असते."

हे वाक्य माझं आहे. अगदी असंच मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.

भावोजी कागदपत्रं करायला खाली गेले. मी आणि ताई बाहेरच्या बाकावर बसलो. तिने पदर दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

"मग पिशवी कुठे गेली?"

"नदीत सोडली."

"कुणी ठरवलं?"

इथेही मला एक संधी होती आणि तीही मी घालवली. मी म्हणालो, "तुझ्या सासूबाईंची इच्छा होती. अंगाचा तुकडा परक्याच्या हातात द्यायचा नाही म्हणाल्या."

ताईने हातातला पदर सोडला. मग म्हणाली, "त्या अडाणी आहेत रे. तू?"

तेवढ्यात भावोजी कागद घेऊन वर आले. स्टेंट घातला, कावीळ उतरली, खाज गेली. शेजारच्या बायकांना वाटलं ताई बरी होते आहे. ती माझ्याशी बोलते, चहा प्यायलास का विचारते, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करते. एकदाही टोचून बोलली नाही. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्या मी रोज अंबरनाथहून सोनिवलीला जाऊन ऐकल्या असत्या. मी स्वतःच्या जिभेवर तिरस्काराने थुंकावं असं मला वाटतं, आणि तरी परवा रिक्षावाल्याला मी लुटारू म्हणालोच. सवय जात नाही.

मागच्या रविवारी सासूबाईंच्या माहेरची माणसं ताईला बघायला आली. ती खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसली होती, हात काटक्यांसारखे झालेले. चहाच्या आधी सासूबाई सवयीने उठल्या, शोकेस उघडलं आणि डबी काढली.

"इकडे आणा," ताई म्हणाली.

तिने डबी हातात घेतली, खुळखुळवली नाही, पाहुण्यांना दाखवली नाही. मला जवळ बोलावलं आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं तिनेच मिटली. लहानपणी शाळेत जाताना चार आणे देताना मिटायची तशी.

"हे तरी तपास," ती म्हणाली. "आणि काय निघेल ते मला खरं सांग."

पाहुण्यांना काही कळलं नाही. सासूबाई तेवढ्या आत निघून गेल्या.

ती रिकामी बरणी माझ्या कंपनीतल्या खणात आहे, लेबलसकट. फॉर्मालिन टाकलं तेव्हा ती धुऊन ठेवली होती. लेबल लावलेली बरणी फेकायची नाही हीसुद्धा सवय. सोमवारी मी डबी तिच्या शेजारी ठेवली, मग त्यातला एक खडा काढला. वजन घेतलं, खलात कुटला, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवला, पुढची रसायनं थेंब थेंब घातली आणि घड्याळ लावून बसलो. हिरवा रंग आला. त्याच खड्याच्या द्रावणावर पुन्हा एकदा केलं, पुन्हा हिरवा. मुख्यतः कोलेस्टेरॉल, थोडं रंगद्रव्य, धोकादायक काही नाही. कोऱ्या कागदावर तिचं नाव, वय, तारीख घालून रिपोर्ट लिहिला आणि खाली सही केली. त्यात एक अक्षर खोटं नाही, आणि त्याचा कुणाला काही उपयोग नाही.

बावीस खडे शिल्लक आहेत. रविवारी जाऊन तिला रिपोर्ट वाचून दाखवायचा आहे.